कथा लिहून झाली, आता टाकायची कुठे?

कथा हातावेगळी झाली की पहिला मोह फेसबुकचा. रात्री टाकली की सकाळपर्यंत ‘अप्रतिम’, ‘सुरेख’, जोडलेल्या हातांचे इमोजी, आणि तिसऱ्या दिवशी पोस्ट खाली सरकून गडप. यात वावगं काही नाही. मात्र तीच कथा उद्या दिवाळी अंकाला द्यायची असेल, स्पर्धेला पाठवायची असेल किंवा तिचं ई-पुस्तक करायचं असेल, तर ती रात्र महागात पडते. बरेच संपादक आणि स्पर्धांचे आयोजक अप्रकाशित साहित्यच मागतात. फेसबुकची भिंत, ब्लॉग, प्रतिलिपीसारखं कथांचं संकेतस्थळ यांवर आलेलं लिखाण त्यांच्या लेखी प्रकाशितच असतं. पहिली प्रसिद्धी एकदाच मिळते. म्हणून प्रकाशकाच्या आधाराशिवाय लिहिणाऱ्यांसाठी खाली जे सांगितलंय, त्यात काय करायचं यापेक्षा कशाच्या आधी काय करायचं याकडे जास्त लक्ष द्या.

पायरी १ : मजकूर युनिकोडमध्ये आहे ना?

नव्याने लिहिणारे बहुतेक जण मोबाइलवर किंवा गुगलच्या कळफलकावर टंकतात, त्यामुळे त्यांचा मजकूर आपोआप युनिकोडमध्येच (प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीत) असतो. अडचण होते ती जुनं लिखाण बाहेर काढताना. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा आकृती या जुन्या फॉन्टांत टाइप करून घेतलेली फाइल दिसते मराठी, पण आत असतात भलतेच संकेत. फॉन्ट बदलला की सगळ्याचं कडबोळं होतं. अशा फाइली युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत. ती वापरा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. बदललेल्या मजकुरात रफार शेजारच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी भलत्या व्यंजनाला चिकटते, जोडाक्षरं तुटतात. पीडीएफमधून उचललेल्या देवनागरी मजकुराचेही असेच हाल होतात. मूळ कागद शेजारी ठेवून ओळन् ओळ ताडून पाहण्याला पर्याय नाही.

एक खास मराठी दुखणं म्हणजे ‘ऱ्य’. ‘आचाऱ्याला भांडी घासायला सांगितली’ आणि ‘आचार्याला भांडी घासायला सांगितली’ या दोन वाक्यांत स्वयंपाकघर आणि गुरुकुल इतकं अंतर आहे. ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं तर सह्याद्रीतली कथा थेट समुद्रावर जाते. नेहमीचा र, मग पाय मोडून य असं टंकलं की रफार उमटतो. चंद्रकोरीसारखा र हवा असेल तर आधी खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्या, त्याचा पाय मोडा, मग य द्या. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे, मग डी, मग ‘य’ अक्षराची कळ. मोबाइलच्या कळफलकावर हा ऱ कुठे आहे ते एकदा शोधून ठेवा. ‘ॲ’चंही असंच. युनिकोडमध्ये मराठी ‘ॲ’ २००८ मध्ये आला. त्याआधीपासूनचा ‘ऍ’ अजून बऱ्याच कळफलकांवर आहे. एका मजकुरात दोन्ही वापरले, तर एकाने शोधल्यावर दुसरा सापडत नाही. एकच ठरवा, तोही ‘ॲ’.

फॉन्टवर पैसे घालवायची गरज नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले मुक्त आणि बलू, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हे फुकट मिळतात आणि देखणे आहेत. फाइलची भाषा हिंदी न ठेवता मराठी ठेवा. तसं केलं की काही फॉन्टांत मराठी वळणाचे, म्हणजे पाकळीचा ल आणि देठाचा श, उमटतात. वाचकाला कारण कळत नाही, पण पान आपलं वाटतं.

पायरी २ : दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचून घ्या

प्रकाशकाकडे मुद्रितशोधक, म्हणजे छपाईआधी चुका तपासणारा, असतो, तुमच्याकडे कोणी नाही. ही उणीव वाचकाला पहिल्याच परिच्छेदात जाणवते. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम एकूण १८ आहेत (१९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये त्यांत घातलेले ४). एका दुपारी वाचून होतात. नियमांशी वाद घालायचा असेल तर खुशाल घाला, त्याला मराठीत मोठी परंपरा आहे, पण आधी ते माहीत असू द्या. ‘मी केलं’ की ‘मी केले’ हेही सुरुवातीलाच ठरवा. निवेदनात एकदा हे आणि एकदा ते, असं झालं की घाईत लिहिल्यासारखं दिसतं.

लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरला मराठी शब्दकोश जोडता येतो. टायपिंगच्या ढोबळ चुका त्यात सापडतात. ‘दिन’ आणि ‘दीन’ मात्र दोन्ही बरोबरच असल्याने तिथे तो गप्प बसतो. मोबाइलला मजकूर मोठ्याने वाचायला लावा आणि डोळे मिटून ऐका. यंत्राचा कोरडा आवाज लाडाकोडाने वाचत नाही, त्यामुळे गळलेला शब्द, दोनदा आलेलं ‘पण’, दमछाक करणारं वाक्य लगेच कानाला खटकतं. त्यानंतर दोन माणसांना वाचायला द्या, त्यांतला एक तरी घरचा नसावा. ‘कशी वाटली?’ असं विचारू नका, ‘कुठे कंटाळा आला?’ असं विचारा. पुस्तक करणार असाल तर मुद्रितशोधकाला पैसे द्या. मुखपृष्ठावरचा खर्च कमी झाला तरी चालेल, हा कमी करू नका.

पायरी ३ : क्रम कागदावर मांडा

एक साधी तक्ता-फाइल करा. रकाने असे : शीर्षक, शब्दसंख्या, कुठे पाठवलं, तारीख, उत्तर, पहिली प्रसिद्धी कुठे व कधी, कोणते हक्क दिले. हौशी लेखकाला हे कारकुनी वाटेल. पण आठ-दहा कथा झाल्या की कुठली कुणाकडे पडून आहे हे डोक्यात राहत नाही, आणि एकच कथा दोन दिवाळी अंकांत छापून आली तर दोन्ही संपादक कायमचे दुरावतात.

मराठीत लेखकाच्या वर्षाला दिवाळी अंकाचं गणित चुकत नाही. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेली ही प्रथा अजून जोरात आहे, आणि नव्या लेखकाला अनोळखी, जाणता वाचक मिळवून देणारी याहून चांगली जागा माझ्या मते नाही. मजकूर साधारण जून ते ऑगस्टमध्ये जातो. ऑक्टोबरमध्ये पाठवलेली कथा पुढच्या वर्षाच्या ढिगात जाते, किंवा तिथेही जात नाही. एका वेळी एकाच संपादकाला पाठवा. सोबतच्या मेलमध्ये आत्मचरित्र नको : शीर्षक, शब्दसंख्या, ‘ही कथा कुठेही, समाजमाध्यमांवरही, प्रसिद्ध झालेली नाही’ हे एक वाक्य आणि फोन नंबर पुरे. महिना-दीड महिना उत्तर नाही आलं तर एकदा नम्रपणे विचारा. तरीही शांतताच असेल तर ‘कथा मागे घेत आहे’ असं लेखी कळवून मगच दुसरीकडे पाठवा. मानधन आहे का, हे आधीच विचारायला लाजू नका. बऱ्याच ठिकाणी नसतं, काही ठिकाणी फक्त अंकाची एक प्रत मिळते. ते स्वीकारायचं की नाही हा तुमचा निर्णय, पण नंतर कुरकुर करण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

अंक येऊन गेला, संपादकांनी ठरवलेला काळ सरला, की तीच कथा महाजालावर टाका आणि खाली ‘पूर्वप्रसिद्धी’ लिहा. दहा-बारा कथा जमल्या की ई-पुस्तक. म्हणजे क्रम असा : अंक, मग महाजाल, मग पुस्तक. उलट दिशेने गेलात तर प्रत्येक टप्प्यावर मागचं दार बंद झालेलं आढळतं.

अर्थात सगळंच लिखाण या क्रमात बसवायचं नसतं. चालू घडामोडींवरचं टिपण, पावसावरची चार ओळींची कविता, प्रवासातला किस्सा सरळ भिंतीवर टाका. लोकांना तुमचं नाव ओळखीचं होतं तेही यातूनच.

पायरी ४ : जागा निवडा

स्वतःचा ब्लॉग फुकट होतो आणि तुमच्या हातात राहतो, पण तिथे वाचक आपणहून फिरकत नाही, त्याला बोट धरून आणावं लागतं. जाहिरातींतून मिळणारे पैसे इतके किरकोळ की त्यांचा विचार सोडलेला बरा.

बंगळुरूहून २०१४ पासून चालणाऱ्या प्रतिलिपीवर मराठी वाचक भरपूर आहेत आणि ते रोज येतात. तिथली चाल मात्र मालिकेची : छोटे भाग, भागाच्या शेवटी टांगती तलवार, प्रेम, भय, सासर. ‘पुढील भाग लवकर टाका’ हा तिथला सर्वांत मोठा सन्मान. हा हुरूप उपयोगी आहे, लिहिण्याची शिस्त लागते. पण कथा चाळिसाव्या भागात संपायला हवी असताना नव्वदाव्यापर्यंत ताणली जाते आहे असं वाटलं, तर वाचक आता तुमच्याकडून लिहून घेतोय असं समजा. वाचकांनी दिलेल्या पाचपैकी चांदण्यांवर फार विसंबू नका, तिथे बहुतेकांना साडेचारच्या वरच असतात. लिखाण टाकल्याने हक्क जात नाहीत, तरी स्पर्धेत उतरताना किंवा पैसे भरून वाचायच्या योजनेत मालिका देताना त्या त्या वेळच्या अटी पूर्ण वाचा.

खरी, परखड प्रतिक्रिया हवी असेल तर मायबोली हे संकेतस्थळ. १९९६ पासून चालू आहे. पुणे-ठाण्यापासून अमेरिकेतल्या मराठी घरांपर्यंतचे वाचक तिथे येतात आणि ते तुमचे नातेवाईक नसतात. ‘शेवट पचला नाही’ असं कोणी लिहिलं तर दोन दिवस उत्तर देऊ नका.

पैसे नकोत, पुस्तक दूरवर पोचावं एवढंच हवं असेल, तर ई साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तकं पीडीएफ करून विनामूल्य वाटतं. बुकगंगा ई-पुस्तकं विकतं. स्टोरीटेलने २०१७ मध्ये भारतात येऊन मराठी श्राव्य पुस्तकांना बाजार दिला, पण तिथे एकट्या लेखकाला थेट शिरकाव अवघड. त्यासाठी आधी नाव हवं.

पायरी ५ : किंडल

ॲमेझॉनने २०१६ च्या डिसेंबरात किंडल या आपल्या ई-पुस्तकांच्या सेवेत मराठी पुस्तकांची सोय केली आणि स्वतः पुस्तक काढण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. केडीपी (किंडल डायरेक्ट पब्लिशिंग) या त्यांच्या विभागात खातं उघडायचं, वर्डची किंवा ईपबची (हा ई-पुस्तकाचा फाइल-प्रकार) फाइल चढवायची, मुखपृष्ठ लावायचं, किंमत ठरवायची.

फाइल करताना प्रकरणांच्या नावांना वर्डमधली ‘हेडिंग’ शैली द्या, नुसतं ठळक करू नका. अनुक्रमणिका त्यावरूनच तयार होते. परिच्छेदाची सुरुवात मोकळ्या जागा दाबून सरकवू नका. आधी पीडीएफ करून मग ती चढवण्याच्या फंदात पडू नका : पीडीएफचं पान पडद्यानुसार मोठं-लहान होत नाही आणि मोबाइलवर वाचक प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे ओढत बसतो. प्रकाशित करण्याआधी पूर्वदृश्य मोबाइलच्या आकारात, मोठ्या अक्षरांत, शेवटच्या पानापर्यंत पाहा. जोडाक्षरं फुटली असतील तर तिथेच दिसतात.

मुखपृष्ठाचा आकार २५६० गुणिले १६०० पिक्सेल ठेवा, उंची जास्त. पण ग्राहकाला ते दिसणार नखाएवढं. देवनागरीत वर वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे शीर्षक रोमनपेक्षा जास्त उभी जागा खातं. बारीक, नाजूक अक्षर तिथे दिसेनासं होतं. चित्र गुगलवरून उचलू नका. स्वतः काढलेला साधा फोटो चालेल. पुस्तकाच्या वर्णनात शीर्षक आणि स्वतःचं नाव रोमन लिपीतही लिहा, कारण मराठी वाचकसुद्धा शोधताना बऱ्याचदा रोमनमध्येच टंकतो.

आता पैशाचं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर पुस्तक ‘केडीपी सिलेक्ट’मध्ये नोंदवावं लागतं, नाहीतर ३५ टक्के. सिलेक्टमध्ये गेलं की किंडल अनलिमिटेडचे वर्गणीदार ते वाचतात आणि वाचल्या गेलेल्या पानांचेही पैसे मिळतात. पण त्याची अट कडक : ९० दिवस ते डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही नसलं पाहिजे. ब्लॉग नाही, प्रतिलिपी नाही, ओळखीच्यांना फुकट पीडीएफही नाही. म्हणजे वरच्या क्रमाने महाजालावर टाकलेल्या कथा सिलेक्टमध्ये जाण्याआधी तिथून काढाव्या लागतात. नोंदणी आपोआप पुढे वाढते, नको असेल तर तशी खूण काढावी लागते. छापील पुस्तकाला ही अट नाही. ज्या कथा आधीच महाजालावर मोकळ्या पडल्यात त्यांचं पुस्तक केलं, तर हक्क तुमचेच असल्याचा पुरावा मागणारी मेल येऊ शकते, आणि तिला मुदतीत उत्तर द्यावं लागतं. तक्ता-फाइल इथे उपयोगी पडते.

टोपणनावाने पुस्तक काढता येतं, पण खात्यावर नाव, पॅन आणि बँक खातं खरं लागतं. करविषयक प्रश्नावली टाळू नका : पॅन नीट भरला तर अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर ३० ऐवजी १५ टक्के कापला जातो. पैसे महिना संपल्यावर सुमारे ६० दिवसांनी येतात. पहिल्या पुस्तकाचे किती येतील? घरच्यांना चहा-भजी होतील एवढे धरून चाला.

पायरी ६ : चोरी, कायदा आणि करार

चोरीची मराठी पद्धत ठरलेली आहे. तुमची कथा व्हॉट्सॲपवर जाते, तिसऱ्या फॉरवर्डमध्ये नाव गळतं, पाचव्यात खाली कुणा दिवंगत थोर लेखकाचं नाव लागतं आणि शेवटी ती तुमच्याच मावशीकडून ‘नक्की वाचा’ म्हणून तुमच्याकडे परत येते. व्हॉट्सॲपवर मूळ शोधणं अशक्यप्राय. म्हणून नाव फक्त शेवटी न लिहिता शीर्षकाखालीही लिहा. कविता असेल तर चित्र करून, नाव ओळींच्या अगदी लगत ठेवून टाका. संतांनी शेवटच्या चरणातच नाममुद्रा गुंफली होती. ‘तुका म्हणे’ कापला तर चरणच लंगडा होतो.

फेसबुक समूहावर किंवा कुणाच्या पानावर सापडलं, तर आधी पडदाचित्र (स्क्रीनशॉट) घ्या, त्यात तारीख आणि दुवा दिसू द्या. मग भांडण न करता समूहचालकाला लिहा. मजकूर साधारण असा :

‘नमस्कार. आपल्या समूहात १४ ऑगस्टला टाकलेली ही कथा माझी आहे. ती २ जुलैला माझ्या पानावर प्रसिद्ध झाली असून दुवा सोबत देत आहे. कृपया ती काढावी किंवा माझं नाव आणि मूळ दुवा जोडावा. उद्या संध्याकाळपर्यंत तसं न झाल्यास कॉपीराइटभंगाची रीतसर तक्रार करेन.’

बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर फेसबुक, यूट्यूब यांच्याकडे कॉपीराइट तक्रारीचा अर्ज असतो, तो भरा. तुमच्या कथा विचारल्याशिवाय वाचून टाकणारे यूट्यूब चॅनेल हल्ली वाढलेत. नाव दिलं तरी परवानगीशिवाय वाचन करणं हा हक्कभंगच आहे. कॉपीराइट कायद्यात लेखी तक्रार आल्यावर असा मजकूर २१ दिवस रोखून ठेवायची तरतूदही आहे. त्यापुढे न्यायालयाचा आदेश लागतो.

कॉपीराइट ‘काढावा’ लागतो हा गैरसमज आहे. लिहिल्या क्षणी तो तुमचाच असतो. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदणी करता येते, साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये, आणि हरकती येण्यासाठी ३० दिवस थांबावं लागतं. वाद झाला तर ती पुरावा म्हणून कामी येते. एकेका कवितेसाठी नको, कादंबरीसाठी विचार करा.

हाच कायदा दुसऱ्याच्या लिखाणालाही लागू आहे. कथेच्या डोक्यावर आवडत्या कवीच्या चार ओळी टाकण्याची आपल्याकडे फार हौस. लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क चालू राहतात, तीही मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजायची. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं साहित्य २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे २०३७ अखेरपर्यंत परवानगी हवी. कुसुमाग्रजांसाठी २०५९. परीक्षणात दोन ओळी उद्धृत करणं वेगळं आणि पुस्तकाच्या सजावटीसाठी वापरणं वेगळं.

करार आला तर त्यात चार गोष्टी शोधा : कोणते हक्क, किती वर्षं, कुठे, किती पैसे. हक्क देणं लेखी आणि सहीनिशी लागतं, तोंडी चालत नाही. मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क’ हे शब्द दिसले की थांबा. छापील, ई-पुस्तक, श्राव्य, भाषांतर, चित्रपट हे वेगवेगळे हक्क आहेत, आणि दोनशे प्रती छापणाऱ्याला चित्रपटाचे हक्क कशाला हवेत?

पायरी ७ : ‘पॅकेज’वाल्यांपासून सावध

पहिली कथा गाजली की फोन येतात. ‘सर, तुमचं पुस्तक काढू. आयएसबीएन, कॉपीराइट, ॲमेझॉनवर विक्री, प्रमाणपत्र आणि ट्रॉफी, सगळं मिळून अमुक हजार.’ यातला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, भारतात मोफत मिळतो. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करायचा, एकट्या लेखकालाही तो मिळतो. छापील आणि ई-आवृत्तीला वेगळे क्रमांक लागतात. किंडल ई-पुस्तकाला तर तो लागतच नाही. कॉपीराइटचं वर पाहिलंच. ॲमेझॉनवर पुस्तक तुम्ही स्वतः एका संध्याकाळी चढवू शकता. उरली ट्रॉफी.

पैसे देऊन पुस्तक छापून घेणं हा गुन्हा नाही. मराठीत भल्याभल्यांनी पदरमोड केली आहे. पण मग व्यवहार छपाईचा धरा : कागद, पानं, बांधणी, प्रती, दर. दोन-तीन छापखान्यांकडून दर मागवा, डिजिटल छपाईत पन्नास-शंभर प्रतीही काढता येतात. कुणाला पैसे देण्याआधी त्यांनी छापलेल्या एखाद्या लेखकाला फोन करून विचारा की विक्रीचा हिशेब कधी मिळाला का. आणि तुम्हीच प्रकाशक झालात तर १९५४ च्या कायद्यानुसार प्रसिद्धीनंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. हे पॅकेजवाले सांगत नाहीत.

पायरी ८ : पुस्तक आल्यावर

घरच्यांना पाच चांदण्यांची परीक्षणं लिहायला लावू नका. ॲमेझॉन ती ओळखतं आणि काढून टाकतं. त्याऐवजी त्या विषयात रस असलेल्या दहा अनोळखी वाचकांना वैयक्तिक निरोप पाठवा, प्रत्येकाला वेगळा. रोज ‘माझं पुस्तक घ्या’ असं ओरडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा पुस्तकातला एखादा परिच्छेद टाका. सिलेक्टमध्ये असाल तर तो पूर्ण कथेएवढा लांबू देऊ नका. कुणी चूक दाखवली तर आभार माना, फाइलमध्ये दुरुस्त करा आणि नवी फाइल चढवा. छापील पुस्तकात जे पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबतं, ते इथे साधारण दोन-तीन दिवसांत बदलतं. दुरुस्तीची तारीख तक्ता-फाइलीत नोंदवायला विसरू नका, आणि जुनी फाइल पुसून न टाकता वेगळ्या नावाने ठेवा.